लग्नातलं सोनं: कुठे वजन बोलतं, कुठे घडण, कुठे देणाऱ्याचं नाव

अनघा_वि यांचा प्रश्न

पुण्याची मुलगी आणि त्रिशूरचा मुलगा, नागपूरचा मुलगा आणि बिकानेरची मुलगी, अशी लग्नं आता नवी नाहीत. बाकीची बोलणी सुरळीत होतात आणि सोन्यापाशी येऊन अडतात. ऐपतीचा प्रश्न बहुतेक वेळा नसतोच. एका घरात ‘ठुशी, तन्मणी, नथ झाली की झालं’ म्हणतात. दुसऱ्या घरात ‘एकूण पवन किती?’ हा पहिला प्रश्न असतो (पवन हे केरळातलं सोन्याचं माप). तिसऱ्या घरात चारचौघांत वजन विचारणं बरं दिसत नाही, पण गळ्यातली आड (राजस्थानी गळ्यालगतचा दागिना) पाहून बायका काम कसल्या हातचं आहे ते ओळखतात. देशाबाहेर तर आणखीच वेगळं. तुर्कस्तानात पाहुणे नवरीच्या अंगावर नाणी टाचतात, थायलंडमध्ये तबकात सोनं मांडून सगळ्यांसमोर मोजतात.

श्रीमंती दाखवायची हौस सगळीकडे आहे, हे धरून चालू. मला त्यामागचं गणित समजून घ्यायचंय. एका समाजाला 22 कॅरेटच का लागतं आणि दुसऱ्याचं 14 वर कसं भागतं? तेवढ्याच वजनात एकाचा दागिना गळाभर दिसतो, दुसऱ्याचा दिसत नाही, हे घडणीत कसं साधतात आणि फसगत कुठे होते? दोन पद्धतींची घरं एकत्र आली तर हिशोब कोणत्या मापात मांडावा? सोन्याचं काम, तारण किंवा बाहेरच्या चालीरीती जवळून माहीत असलेल्यांनी लिहावं.


सराफकट्टा

आधी माप एक करून घ्या, निम्मे गैरसमज तिथेच मिटतात. आपला जुना तोळा 11.66 ग्रॅमचा, 12 माशांचा, म्हणजे 96 गुंजांचा. आज पेढीवर ‘तोळा’ म्हटलं की 10 ग्रॅम. घरातल्या आजीच्या तोंडचा तोळा मात्र अजून जुना असू शकतो. केरळचा पवन 8 ग्रॅमचा, मूळ इंग्लिश सॉव्हरिन नाण्यावरून आलेला. ‘101 पवन’ हा तिकडचा ठरलेला शब्दप्रयोग, म्हणजे 808 ग्रॅम. आजच्या हिशोबाने जवळजवळ 81 तोळे, जुन्या हिशोबाने 69. एकच ढीग, आकड्यात 12 तोळ्यांचा फरक. म्हणून बोलणी ग्रॅममध्येच करा, आणि प्रत्येक आकड्यामागे ‘निव्वळ’ की ‘एकूण’ हा शब्द लावा.

निव्वळ आणि एकूण यांतला फरक पाहा. 60 ग्रॅमची साधी कासुमाला, म्हणजे सोन्याच्या नाण्यांची केरळी माळ घ्या. खडा नाही, लाख नाही. 22 कॅरेट म्हणजे 91.6 टक्के, तेव्हा शुद्ध सोनं 54.96 ग्रॅम. आता 60 ग्रॅमचा जडाऊ, म्हणजे खडे जडवलेला हार घ्या. त्यात लाख, पोल्की (पैलू न पाडलेले हिरे) आणि लोंबते मणी मिळून समजा 25 ग्रॅम गेले. राहिले 35. ते सोनं 22 कॅरेटचं धरलं तरी शुद्ध सोनं 32.06 ग्रॅम. अंगावर जडाऊ हार दुप्पट भारी दिसतो, मुशीत मात्र निम्म्याच्या थोडंच वर सोनं उरतं.

केरळात खड्याविना सोनं चालतं याचं कारण नुसतं आवडीत शोधू नका. तिकडे सोनं गहाण टाकणं आणि सोडवणं हा घरखर्चाचा नेहमीचा भाग आहे. तारण देणाऱ्या देशातल्या सर्वांत मोठ्या कंपन्या केरळातून निघाल्या, हा योगायोग नाही. तारण देणारा खड्याला किंमत धरत नाही, फक्त निव्वळ सोन्याला धरतो. जिथे दागिना दोन-चार वर्षांत एकदा काउंटरवर जाणार, तिथे साधं, जड, सहज तोलता येणारं सोनंच प्रतिष्ठेचं ठरतं. माझं ठाम मत असं की एखादा समाज सोनं कसं दाखवतो हे तो ते पुढे कसं मोडणार यावरून ठरतं. मारवाडी घरात जडाऊ हार मोडायचा नसतो, तो सुनेकडून नातसुनेकडे जायचा असतो. मग लाखेचं वजन कुणाला सलत नाही, मागच्या बाजूचं मीनाकाम (रंगीत मुलाम्याची नक्षी) किती बारीक आहे याला मोल येतं. ते मीनाकाम तर अंगावर घातल्यावर दिसतही नाही. दागिना हातात घेऊन उलटा करणाऱ्या जाणकार बाईसाठीच ते केलेलं असतं.

कॅरेटचंही तसंच. कंसातला आकडा म्हणजे हजारात किती भाग शुद्ध सोनं. इंग्लंडमध्ये 9 कॅरेटची (375) अंगठी सर्रास चालते, जर्मनी-अमेरिकेत 14 ची (585), इटली-फ्रान्समध्ये 18 ची (750). सौदी, कुवेत, इजिप्तमध्ये 21 (875), आपल्याकडे 22 (916), थायलंडमध्ये 96.5 टक्के, चीनमध्ये 999. जिथे दागिना एकदा घेतला की सराफाकडे परत जात नाही, तिथे शुद्धता खाली आली तरी चालते, उलट तिथे कठीणपणा हवा असतो. चोख सोनं मऊ असतं, हिरा धरणाऱ्या त्याच्या नख्या वाकतात आणि हिरा निसटतो. म्हणून हिरे वापरणारे समाज 14-18 कॅरेटवर स्थिरावले. ज्यांना शुद्धता सोडायची नव्हती त्यांनी घडणच अशी निवडली की मऊ सोनं चालावं: मणी, चकत्या, साखळ्या, बांगड्या.

सरकारने हे मोडू पाहिलं तेव्हा काय झालं ते आठवा. जानेवारी 1963 मध्ये मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि 14 कॅरेटच्या वरचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. सोन्याची मागणी आटेल अशी अपेक्षा होती. पण 14 कॅरेटचा रंग वेगळा, कसाला उतरत नाही, मोडायला गेलं तर भाव नाही. लोकांनी ते नाकारलं, चोरटा व्यापार वाढला, हजारो सोनारांचा धंदा बसला. 1966 मध्ये ती अट मागे घ्यावी लागली. नुसत्या दिखाव्यासाठीच सोनं घेत असते तर 14 कॅरेटमध्येही तेवढंच दिसलं असतं.


पटवेकरी

वरच्या प्रतिसादाला जोडून आपल्याकडच्या घडणीबद्दल लिहितो, कारण ‘मराठी दागिने हलके’ हे अर्धंच खरं आहे.

दागिना कपड्यावर बेतलेला असतो. नऊवारीत पदर छातीवरून खांद्यावर येतो, पोटापर्यंत रुळणारा हार पदराखालीच जातो. म्हणून आपली मांडणी उघड्या राहणाऱ्या जागांवर: गळ्यालगत ठुशी, चिंचपेटी, वज्रटीक, नाकात नथ, कानात कुडी, बुगडी, मनगटावर गोठ, पाटल्या, तोडे, दंडात वाकी, अंबाड्यावर फूल, मूद. केरळात कसवूच्या पांढऱ्या-सोनेरी साडीवर गळ्यापासून कमरेपर्यंत मोकळं पटांगण असतं. तिथे मुल्लमोट्टू, पालक्का, मांगामाला, कासुमाला असे एकाखाली एक थर बसतात. 15 ग्रॅमची ठुशी गळ्याची 13-14 इंचांची जागा पूर्ण भरते. तेच 15 ग्रॅम कमरेपर्यंतच्या माळेत घातले तर दोरा दिसेल.

आता ‘भरीव दिसतं पण नसतं’ हा प्रकार. बोरमाळेचे मणी आणि गोठ परंपरेने पोकळ असतात. पातळ पत्र्याचा मणी किंवा नळी घडवून आत लाख भरतात, त्यामुळे पत्रा चेपत नाही आणि हाताला वजनही लागतं. यात लबाडी काही नाही. कमी सोन्यात मोठा मणी मिळवायची ती जुनी, शहाणी युक्ती आहे. लबाडी तेव्हा, जेव्हा लाखेचं वजन सोन्याच्या भावाने लावतात. लाखेवरचा दागिना घेताना पावतीवर एकूण वजन, लाखेचं वजन आणि निव्वळ सोनं असे तीन आकडे वेगवेगळे मागा. ‘लाख मजुरीत धरलीय’ हे उत्तर चालवून घेऊ नका.

लाखेचे दागिने बिघडतात ते मुख्यतः उष्णतेने. लाख 70-75 अंशांच्या आसपास मऊ पडते. रिठ्याच्या कढत पाण्यात गोठ टाकले की लाख आतून सरकते, भोकाशी बाहेर येते आणि आत पोकळी राहते. मग दाराच्या कडीवर हात आपटला तरी खळगा पडतो. कोमट पाणी, मऊ ब्रश, लगेच कोरडं करणं, एवढंच करा. झाळकाम, म्हणजे सांधा तापवून जोडायचं काम निघालं तर लाख आधी काढावी लागते, काम झाल्यावर पुन्हा भरावी लागते. जो कारागीर ‘आहे तसंच झाळून देतो’ म्हणेल त्याच्याकडे देऊ नका, आतली लाख जळून फुगते आणि पत्रा फाटतो.

गाठवण्याचंही, म्हणजे मणी नव्या दोऱ्यात ओवून घेण्याचंही सांगतो. नेहमी वापरातली पोत किंवा माळ दीड-दोन वर्षांत पुन्हा गाठवायला हवी. घामाने रेशीम आतून कुजतं, वरून चांगलं दिसतं. दोरा तुटतो म्हणून हल्ली काही जण सोन्याच्या तारेत ओवून घेतात. तार तुटत नाही हे खरं, पण ती मण्याच्या भोकाची कड करवतीसारखी घासते. पाचेक वर्षांत भोकं लांबट होतात, आणि पातळ मणी कडेला चिरतो. पोकळ मण्यांना दोराच बरा.

पुतळ्यांची माळ आणि कासुमाला एकाच कुळातल्या. पुतळी म्हणजे मुळात व्हेनिसचं सोन्याचं नाणं, त्यावरच्या मानवी आकृत्यांवरून आपल्याकडे हे नाव पडलं. खरी नाणी ओवायची चाल मागे पडली, छापाच्या पातळ चकत्या आल्या. पसारा तोच, सोनं बरंच कमी. पातळ चकतीच्या कडा वळतात आणि जरीत अडकतात. सगळ्यांत आधी झिजते ती चकतीची कडी. सहा महिन्यांतून एकदा प्रत्येक कडी नखाने हलवून बघा. कोल्हापुरी साजालाही हीच तपासणी लागते. त्याची 21 पानं असतात, एक जरी गळालं तरी नेमकं तसंच पान पुन्हा जुळवणं अवघड.


दर्यावर्दी

तुर्कस्तान आणि थायलंडबद्दल विचारलंय, दोन्ही चाली तपशिलात पाहण्यासारख्या आहेत.

तुर्की लग्नात नवरा-नवरीच्या गळ्यात तांबडी फीत घालतात. पाहुणे रांगेने येतात आणि त्या फितीवर पिनने सोन्याची नाणी टाचतात. जवळचे नातेवाईक नवरीच्या हातात 22 कॅरेटच्या बांगड्या चढवतात. पुष्कळ ठिकाणी ध्वनिक्षेपकावरून नाव पुकारतात: मुलीच्या मामाकडून एक बांगडी, वडिलांच्या मित्राकडून एक चतुर्थांश. हे चतुर्थांश नाणं 1.75 ग्रॅमचं, 22 कॅरेटचं, म्हणजे शुद्ध सोनं 1.6 ग्रॅम. त्याच्या वर अर्धं (3.5 ग्रॅम) आणि पूर्ण (7 ग्रॅम). नातं किती जवळचं त्यावर नाणं ठरतं, आणि सगळ्यांना ते पाठ असतं.

आपल्या खेड्यातल्या लग्नात माईकवर आहेर पुकारतात, घरी आहेराची वही असते. मूळ कल्पना एकच: देणारा लोकांसमोर देतो, घेणारा लिहून ठेवतो, वेळ आली की परत करतो. फरक मापात आहे. 1985 साली 10 ग्रॅम सोनं साधारण 2,100 रुपयांना होतं. त्या वर्षीच्या वहीत ‘51 रुपये’ लिहिले असतील तर तेव्हा त्यात जवळजवळ पाव ग्रॅम सोनं आलं असतं. आज त्याच घराला 51 परत करता येत नाहीत, किती करावेत हेही कळत नाही, आणि त्यावरून मनं दुखावतात. तुर्की माणूस एक चतुर्थांश घेतो आणि वीस वर्षांनी एक चतुर्थांशच परत देतो. लिराची किंमत कितीही घसरो, हिशोब चोख राहतो. म्हणून तिकडे दागिन्यापेक्षा नाणं मोठं. नाण्याला घडणावळ नगण्य, आणि कुठल्याही सराफाकडे ते दोन मिनिटांत मोडतं. नवं जोडपं बऱ्याचदा त्यातूनच घराची पहिली रक्कम उभी करतं. अलीकडे भाव चढल्यामुळे लांबचे पाहुणे एक ग्रॅमचा, किंवा त्याहून लहान तुकडा आणतात. तो पुकारताना माप खालच्या आवाजात सांगतात, कारण पायरी उतरल्याचं सगळ्यांना समजतं.

थायलंडमध्ये दिशा उलटी. नवऱ्याकडून मुलीच्या आईवडिलांना रक्कम आणि सोनं जातं, त्याला सिनसोत म्हणतात. नोटा तबकात पाकळ्यांसारख्या मांडतात, शेजारी सोन्याच्या साखळ्या ठेवतात, आणि वडीलधारे सगळ्यांसमोर मोजतात. सोन्याचं माप ‘बात’, चलनाचंही नाव तेच, म्हणून नवखे गोंधळतात. दागिन्याचा एक बात म्हणजे 15.16 ग्रॅम. शुद्धता 96.5 टक्के असल्याने त्यात शुद्ध सोनं 14.63 ग्रॅम. पाव बाताला सलुंग म्हणतात, 3.79 ग्रॅम. दुकानाबाहेर फळ्यावर दोन भाव लिहिलेले असतात, विकण्याचा आणि परत घेण्याचा, आणि त्या दोहोंत अंतर फार थोडं असतं. त्यामुळे साखळी म्हणजे अंगावरची रोकडच. सिनसोतचा मोठा भाग पुढे जोडप्यालाच परत द्यायचा, असं पुष्कळ घरांत आधीच ठरलेलं असतं. काही जण मांडणीपुरती रक्कम उसनीही आणतात. याची वाच्यता करत नाहीत, पण दोन्ही विहिणींना माहीत असतं.

चीनच्या ग्वांगडोंगमध्ये नवरीच्या हातात ड्रॅगन आणि फिनिक्स कोरलेल्या बांगड्यांच्या जोड्या चढत जातात, दोन्हीकडचे नातेवाईक घालतात. मनगटापासून कोपरापर्यंत हात भरला की घर भरल्यासारखं मानतात. गळ्यात पिलांना पाजणाऱ्या डुकरिणीचा पदक-हार असतो, संततीचं चिन्ह म्हणून. सगळं चोख सोनं. इथे एक नवा सापळा आलाय. विजेच्या प्रक्रियेने साच्यावर सोन्याचा थर चढवून आतला साचा काढून टाकतात. दागिना 999 शुद्धतेचाच राहतो, पण आतून पूर्ण पोकळ. कमी वजनात मोठं दिसतं, कठीणही असतं. पण चेपला तर सरळ होत नाही, झाळायला गेलं तर ढासळतो. शिवाय असे नग बऱ्याचदा ग्रॅमवर न विकता ठोक किमतीला विकतात. मोडताना मात्र ग्रॅमवर घेतात. सिंगापूर-हाँगकाँगला जाणाऱ्या आपल्या मंडळींनी नगाची किंमत त्याच्या वजनाने भागून बघावी, दिवसाच्या भावाशी ताडावी आणि मगच पैसे द्यावेत.


अनघा_वि

खूप धन्यवाद. नाण्याने फेड करायची तुर्की रीत इतकी सरळ असेल असं वाटलं नव्हतं. दोन शंका उरतात. मिश्र लग्नात यादी कशी करावी? आणि ‘बाईकडे 500 ग्रॅमपेक्षा जास्त सोनं असलं तर गुन्हा’ असं जे सगळीकडे सांगतात, ते खरं का?


मोजमाप

500 ग्रॅमचं आधी. 11 मे 1994 रोजी प्रत्यक्ष कर मंडळाने आपल्या अधिकाऱ्यांना सूचना दिली: झडतीच्या वेळी विवाहित स्त्रीमागे 500, अविवाहित स्त्रीमागे 250 आणि पुरुषामागे 100 ग्रॅमपर्यंतचे दागिने जप्त करू नयेत. ही जप्तीबाबतची सवलत आहे, बाळगण्याची मर्यादा नाही. पावत्या, वारसाची कागदपत्रं, जुनी विवरणपत्रं असतील तर त्याहून जास्तही ठेवता येतं. 1968 चा सुवर्ण नियंत्रण कायदा 1990 मध्ये रद्द झाला, त्या काळातली भीती लोकांच्या बोलण्यात अजून शिल्लक आहे. शिवाय केरळच्या 101 पवनाच्या लग्नात 808 ग्रॅम एका मुलीच्या नावावर येतात, तिथे पावत्यांची फाइल ही चैन नव्हे, गरज आहे.

यादीची सोय कायद्यातच आहे. हुंडा प्रतिबंधक कायदा 1961 चा, त्याखाली 1985 मध्ये भेटींच्या याद्यांचे नियम आले. वधूच्या भेटींची यादी वधूने ठेवायची, वराच्या भेटींची वराने. यादी लग्नाच्या वेळी किंवा त्यानंतर लवकरात लवकर, लेखी करायची. प्रत्येक भेटीचं थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातं लिहायचं आणि दोघांनी सह्या करायच्या. मागून घेतलेलं सोनं यादीत लिहिलं म्हणून कायदेशीर होत नाही, हे इथे स्पष्ट सांगायला हवं. ‘इतके पवन हवेत’ ही अट म्हणजे हुंडाच. त्याला प्रतिष्ठेचं नाव दिलं तरी तो हुंडाच राहतो.

नियमात नसलेले चार रकाने मी आग्रहाने जोडायला सांगेन: एकूण वजन, निव्वळ वजन, कॅरेट आणि एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्क (शुद्धतेचा शिक्का) असलेल्या प्रत्येक नगाचा वेगळा, सहा अक्षरी-अंकी क्रमांक. 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्क लागू असलेल्या दागिन्यावर हा क्रमांक असल्याशिवाय तो विकता येत नाही. भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये क्रमांक टाकला की दागिन्याचा प्रकार, शुद्धता, हॉलमार्क केंद्र दिसतं. इथे एक फसगत होते: ॲपमध्ये ‘अंगठी’ दिसते आणि हातात हार असतो. क्रमांक खरा, पण दुसऱ्या नगाचा. म्हणून नुसती शुद्धता न पाहता प्रकारही जुळवा. 2 ग्रॅमच्या आतले नग आणि कुंदन, पोल्की, जडाऊ यांना हॉलमार्कमधून सूट आहे. म्हणजे बिकानेरच्या घराकडून येणाऱ्या सगळ्यांत महागड्या हारावर बहुधा क्रमांक नसेल. तिथे विक्रेत्याच्या पावतीवर निव्वळ सोनं, पोल्कीचं वजन (हिऱ्याच्या कॅरेटमध्ये, सोन्याच्या शुद्धतेचं कॅरेट वेगळं) आणि लाखेचं वजन वेगळं लिहून घ्या, आणि पुढून-मागून फोटो यादीला जोडा.

स्त्रीधनावर हक्क फक्त तिचा. 1985 सालच्या प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलं. सासरच्या लॉकरमध्ये ठेवलं म्हणून ते सासरचं होत नाही, पण पुढे वाद झाला तर ‘नेमकं काय होतं’ हे दाखवायला ही यादीच कामी येते.

मिश्र लग्नात वेगवेगळ्या घरांच्या सोन्याची तुलना करायची वेळ आली तर एकूण वजनाची तुलना करूच नका. निव्वळ वजन गुणिले शुद्धता, एवढा एकच रकाना सगळ्यांना समान. आखातातून आणलेलं 21 कॅरेट 0.875 ने गुणा, थाई 0.965 ने, आपलं 22 कॅरेट 0.916 ने. 21 कॅरेट ही शुद्धता भारतीय हॉलमार्कच्या श्रेणींत नाही (9, 14, 18, 20, 22, 23, 24 आहेत). त्यामुळे तो दागिना इथला सराफ घेतो तो वितळवण्यासाठीच, घडणीला शून्य किंमत. आखाती घडणीचा हार हौसेने वापरायचा असेल तर ठेवा, बदलून दुसरा घ्यायचा बेत असेल तर तो तिथेच बदला.

आजीच्या दागिन्यांबद्दल एक सूचना. पेढीवरचं क्ष-किरणांचं यंत्र वरचे काही मायक्रॉनच वाचतं. जुन्या हारात सांधे पुष्कळ, आणि झाळ कमी कॅरेटची. त्यामुळे पृष्ठभाग 22 दाखवतो आणि वितळवल्यावर 19-20 निघतं. यात आजीचा सोनार खोटा ठरत नाही, तेव्हाची झाळच तशी असायची. पण यादीत ‘22 कॅरेट’ असं छातीठोक लिहू नका. ‘जुनं, तपासलेलं नाही’ लिहा.

तारणाचा विचार असेल तर: रिझर्व्ह बँकेच्या 2025 च्या निर्देशांप्रमाणे अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या किमतीच्या 85 टक्के, अडीच ते पाच लाखांना 80 आणि त्यावर 75 टक्के ही कमाल मर्यादा. किंमत निव्वळ सोन्याचीच धरतात. वर सराफकट्टा यांनी दिलेल्या उदाहरणात कासुमालेवर जेवढं कर्ज मिळेल, त्याच्या अंदाजे 58 टक्केच जडाऊ हारावर मिळेल.


रानजाई

सराफकट्टा यांच्या ‘मोडायचं कसं यावरून दाखवायचं ठरतं’ या सूत्राशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे, पण मोत्यांपाशी ते तुटतं आणि त्याची आठवण पुण्या-मुंबईच्या घरांत अजून आहे.

पेशवाई घडणीची नथ आणि तन्मणी यांत सोनं थोडंच. किंमत होती बसरा मोत्यांची, म्हणजे इराणच्या आखातातल्या नैसर्गिक मोत्यांची. ते मोजायचं माप वेगळं होतं, चव. चव वजनाच्या वर्गावर चालते: वजन दुप्पट तर चव चौपट. त्यामुळे सारख्या वजनाच्या दोन नथींत, बारीक बारीक मोत्यांची नथ आणि एकच मोठा मोती असलेली नथ यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक पडायचा. हे कळायला पाहणाराही त्याच मापात विचार करणारा हवा. दाखवणं होतंच, फक्त ते निवडक डोळ्यांसाठी होतं. ‘जुनी मराठी घरं साधी राहिली’ असं म्हणतात तेव्हा हा भाग विसरतात. नाकावरच्या चार मोत्यांत एखाद्या घराची शेती मावलेली असायची.

मग जपानी संवर्धित मोती आले, 1929 नंतरची जागतिक मंदी आली, आणि आखातातला मोत्यांचा धंदा 1930 च्या दशकात कोसळला. मोडायची वाट बंद झाली, पण नथ गेली नाही. आज ती दोनशे रुपयांच्या काचमण्यांतही मिळते आणि लग्नात सगळ्या घालतात. चिन्ह उरलं, किंमत निघून गेली. सोन्याच्या बाबतीत असं कधी झालं नाही, म्हणून सगळे दिखावे त्याच सूत्रात बसतील असं वाटतं.

घरात जुनी नथ असेल तर मोती संवर्धित की नैसर्गिक हे भोक पाहून थोडंफार कळतं. जुन्या बसऱ्याचं भोक फार बारीक असतं, हाताच्या कमानीवर पाडलेलं, कारण भोकात गेलेलं वजन म्हणजे गेलेली चव. संवर्धित मोत्याच्या भोकात भिंगातून पाहिलं तर बाहेरचा थर आणि आतला शिंपल्याचा मणी यांच्यामध्ये गडद रेघ दिसते. खात्री मात्र प्रयोगशाळेत क्ष-किरणानेच होते. तोवर नथीची तार बदलायला देताना मोती मोजून, फोटो काढून, समोर बसून काम करून घ्या. मोती साबणात धुऊ नका, आणि नथ प्लॅस्टिकच्या हवाबंद डबीत ठेवू नका. मोत्याला थोडा ओलावा लागतो, नाहीतर थर तडकतो. जुन्या बायका मलमलीच्या चिंधीत गुंडाळून ठेवत, ते बरोबर होतं.